दुसरी ओळ

"रोज अर्धा तास उन्हात बसायचं," डॉक्टर रामाईली कागदावरून मान वर न करता म्हणाला. "ड जीवनसत्त्व फार कमी झालंय तुमचं. म्हणून सांधे धरतात. बाकी काही नाही."

"कधी बसू?" मादिनेओने विचारलं.

"कधी म्हणजे? सकाळी, दुपारी, जमेल तेव्हा. ऊन काय, आपल्या देशात फुकट आहे."

जून महिना होता, म्हणजे दक्षिण गोलार्धातल्या त्या देशात ऐन थंडीचा. ती घरून निघायची तेव्हा मासेरूच्या रस्त्यांवरचे दिवे विझलेले नसायचे आणि परतायची तेव्हा ते पुन्हा लागलेले असायचे. मधला सगळा दिवस ती कारखान्यात जीन्सला चेन शिवत असे. शेडच्या खिडक्यांना निळा रंग फासलेला होता, कारण उन्हाने कापडाचा रंग उडतो. जेवणाच्या सुट्टीत फाटकाला कुलूप असे, कारण बाया माल बाहेर काढतात असा मालकांना संशय होता. सोळा वर्षांत मादिनेओने एक बटणसुद्धा बाहेर नेलं नव्हतं.

"न्ताते," ती म्हणाली. डॉक्टर वयाने लहान होता, तरी पुरुषमाणसाला मान देऊन बोलायची तिची रीत होती. "तिथं कापडाला ऊन लागू देत नाहीत. मला कोण लागू देणार?"

"मग रविवारी बसा. या कॅप्सूल घ्या. पुढची कोण आहे?"

अमेरिकेतल्या खरेदीदारांनी कामगारांसाठी आरोग्य योजना लावायला सांगितली होती. तेव्हापासून दर गुरुवारी डॉक्टर यायचा. सगळ्या बायांचं रक्त तपासलं गेलं, प्रत्येकीच्या हातात एक छापील कागद आला आणि प्रत्येकीला तीच पिवळी कॅप्सूल मिळाली. मादिनेओने आपला कागद चौघडी करून बायबलमध्ये ठेवला. वरच्या ओळीखाली डॉक्टरने पेनने रेघ मारली होती. खाली आणखी एक ओळ होती. तिच्याखाली रेघ नव्हती, म्हणून तिने ती वाचली नाही.

ती कॅप्सूल नेमाने घेत राहिली. रविवारी चर्चहून आल्यावर पत्र्याच्या घरासमोर खुर्ची टाकून बसायची, बाह्या कोपरापर्यंत वर करून.

"काय गं, वाळवण घातलंयस का स्वतःचं?" शेजारची खाउहेलो विचारायची. ती त्याच कारखान्यात खिसे शिवायची.

"डॉक्टरचं औषध आहे."

"मला पण तेच दिलंय. माझी पाठ, तुझी बोटं, त्या म्हातारीचे घोटे, सगळ्यांना एकच औषध. लाज नाही त्याला."

पहिल्या वर्षी बोटांच्या मुळाशी फुगवटे आले. दोन्ही हातांना, अगदी सारख्या जागी. सकाळी उठलं की मूठ वळायची नाही. मक्याच्या पिठाची घट्ट पापा ढवळताना लाकडी उलथणं हातातून सुटायचं. मग दिनेओने, तिच्या सतरा वर्षांच्या मुलीने, सकाळचा स्वयंपाक आपल्याकडे घेतला. आईच्या ब्लाउजची बटणंही तीच लावायची आणि खांद्यावरच्या ब्लँकेटला मोठी पिनही तीच टोचायची. दोघी याबद्दल बोलत नसत. एकदाच दिनेओ म्हणाली, "म्मे, उद्यापासून मी अजून लवकर उठते. तुला घाई होते." मादिनेओ त्या दिवशी कामावर जाईपर्यंत लेकीकडे बघू शकली नाही.

दर गुरुवारी ती हात दाखवायची. डॉक्टर दुरून बघायचा.

"ऊन घेताय ना?"

"घेते."

"मग जरा धीर धरा. जीवनसत्त्व भरून यायला वेळ लागतो. वजनही कमी करा थोडं."

दुसऱ्या वर्षी मुकादम खोत्सोने तिला चेनवरून काढलं आणि धागे कापायला बसवलं. ते नव्या पोरींचं काम होतं. "हात चालत नाही तुझा," तो म्हणाला. "मी काय करू? वरून मला विचारतात." कात्रीच्या कड्यात तिचा अंगठा शिरत नव्हता. दुपारपर्यंत कातडं सोललं.

शेवटी तिने एक दिवस खाडा केला आणि डोंगरावरच्या मिशन इस्पितळात गेली. तिथल्या सिस्टर मारोरीसांग साठीच्या होत्या, जाड चष्म्याच्या. त्यांनी आधी काही विचारलं नाही. मादिनेओचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि एकेक सांधा हलके दाबत गेल्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या हाताला तपासणाऱ्या माणसाचा हात लागला होता.

"सकाळी किती वेळ आखडलेला असतो?"

"दोन तास. कधी तीन."

"कधीपासून?"

मादिनेओने बायबलमधला कागद पुढे केला. सिस्टरने तो वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

"ही दुसरी ओळ कुणी वाचली का?"

"डॉक्टरने वरची वाचली."

"वरची खरीच आहे. ड जीवनसत्त्व कमी आहे तुझं. जिला ऊन मिळत नाही तिचं कमीच असणार. पण ही खालची ओळ दाह सांगते. अंगात आग लागलीय हे सांगते. इतक्यापर्यंत असेल तर ठीक, असं इथं छापलंय, आणि तुझा आकडा बघ."

मादिनेओने बघितलं. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईला कळेल इतकं ते सोपं होतं. आकडा आठपट होता.

"तुझंच रक्त तुझे सांधे खातंय. हा आमवात आहे. असल्या दुखण्यात ड जीवनसत्त्वही पुष्कळदा कमी सापडतं, दोन्ही हातात हात घालून असतात. ते भरून काढायचं, हाडांना लागतं. पण त्यानं ही आग विझत नाही. तिचं औषध वेगळं आहे आणि ते इथं मिळतं."

"मग बोटं सरळ होतील?"

सिस्टरने कागदाची घडी घालून तो परत दिला.

"सूज उतरेल. दुखणं उतरेल. जी वाकली ती वाकलीच राहतील. तेव्हाच आली असतीस तर वाकलीच नसती."

परत येताना टॅक्सीत शेजारच्या माणसाने दोनदा विचारलं, बाई, बरं नाही का. ती कागदाची घडी उघडत होती आणि पुन्हा घालत होती. रविवारमागून रविवार आपण खुर्ची टाकून शहाण्या मुलीसारखं उन्हात बसलो, हे तिला आठवत होतं आणि त्याचीच तिला जास्त चीड येत होती.

पुढच्या महिन्यात खरेदीदारांचे पाहुणे आले. जेवणाच्या शेडमध्ये आरोग्यदिनाचा फलक लागला. त्यावर उन्हात हसणारी एक बाई होती. बायांना बाकांवर बसवलं. डॉक्टर रामाईली नवा कोट घालून सूर्यप्रकाशाचे फायदे सांगत होता. पाहुण्यांसाठी एकजण इंग्रजी करत होता.

"कुणाला काही विचारायचंय?" असं तो म्हणाला तेव्हा मादिनेओ उठली. खोत्सोने तिला खाली बसायची खूण केली. ती चालत पुढे गेली आणि कागद डॉक्टरच्या समोर धरला.

"हा वाचून दाखवा."

"म्मे, हे आपण गुरुवारी बघू." पाहुण्यांसमोर तो तिला मानाने आई म्हणत होता.

"दोन वर्षं गुरुवारीच बघतोय आपण. आज मोठ्यानं वाचा. वरची ओळ सगळ्यांना पाठ आहे. दुसरी वाचा."

डॉक्टरने मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजर पाहुण्यांकडे बघत होता. पाहुण्यांतल्या एका बाईने दुभाष्याला काहीतरी विचारलं.

"वाचा," मादिनेओ म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्हाला वाचता येतं. मलाही येतं. मला तेव्हा वाटलं, रेघ नाही म्हणजे ती माझ्यासाठी नाही."

त्याने वाचलं. आकडा सांगितला. नेहमी किती असतो तेही तिने त्याच्याकडून वदवून घेतलं. मग तिने दोन्ही हात वर केले आणि बाकांकडे वळून धरले.

"तुमचे कागद काढा," ती बायांना म्हणाली. "दुसरी ओळ बघा. माझ्यासारखी राहू नका."

खाउहेलोचा कागद तिच्या पिशवीतच होता. तिने तिथल्या तिथे वाचला आणि शिवी हासडली. दुसऱ्या दिवशी बाया घरून कागद घेऊन आल्या. शिटी झाली तरी कुणी यंत्रावर बसेना. अंगणात उभ्या राहून त्या एकमेकींना आकडे वाचून दाखवत होत्या. अकरा जणींची दुसरी ओळ वाढलेली निघाली. त्या सगळ्या डोंगरावर तपासायला जातील आणि कुणाचा खाडा लागणार नाही, हे मॅनेजरने कबूल केल्यावरच त्या आत गेल्या. दुपारचं फाटक उघडं ठेवायचंही ठरलं. खाउहेलोने ते दोनदा कागदावर लिहून घेतलं.

रामाईली पुन्हा आला नाही. तो दुसऱ्या एका कारखान्यात गुरुवारी जातो असं ऐकू आलं. तिथं कागद कोण वाचत असेल, असं मादिनेओने खाउहेलोला विचारलं.

मादिनेओला मात्र महिन्याभराने ऑफिसात बोलावलं. औषध लागू पडलं होतं, हात हलके झाले होते, पण बोटं करंगळीकडे कलली होती ती तशीच होती. टेबलापलीकडे कारकून आणि खोत्सो होते. कारकुनाने टाइप केलेला कागद तिच्यापुढे सरकवला.

"सही करायची. इथं."

"काय लिहिलंय?"

"नेहमीचंच. तब्येतीमुळे स्वखुशीने काम सोडते."

तिने पेन उचललं. ते बोटांत बसेना, दोनदा टेबलावर पडलं. कारकुनाने खणातून शाईचा पॅड काढला आणि तिच्या अंगठ्याजवळ ठेवला.

"राहू दे, म्मे. अंगठा चालेल."

"उचला ते," ती म्हणाली.

त्याने पॅड उचलला. तिने पेन दोन्ही हातांच्या मध्ये धरलं, ओणवी झाली आणि आधी कागदावर "स्वखुशीने" हा शब्द शोधला. त्यावर एक आडवी रेघ मारली. रेघ वाकडी आली, म्हणून दुसरी मारली.

मग ती खाली सरकली आणि आपलं नाव लिहू लागली. एकेक अक्षर, पूर्ण, आडनावासकट. टेबलावरचा फोन वाजत राहिला. कारकून आणि खोत्सो ते नाव संपेपर्यंत उभे राहिले.