कण धरेपर्यंत

संशोधन केंद्राचे प्रमुख सहादेव सर म्हणजे उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. चहासुद्धा उकळायच्या आत गाळायला लावणारा माणूस. राहुरीजवळचं ते केंद्र असल्या माणसाच्या हाती कुणी दिलं, हे रोहिणीला इतक्या वर्षांतही उमगलं नव्हतं.

तिचं सगळं काम वाट पाहण्याचंच होतं. कोळंबीच्या टरफलांतून काढलेलं पॉलिमर आंबट पाण्यात विरघळवायचं, त्यात युरिया आणि कलिंगडाच्या बियांचा अर्क घालायचा. अर्क युरियाला हळूहळू फोडतो, आंबटपणा मरत जातो आणि ठरल्या घटकेला अख्ख्या चंबूत एकदम कण धरतात, पिठीसारखे बारीक अन् एकसारखे. त्या कणांत खत भरलं की ते ठिबकच्या नळीतून न अडकता जाणार होतं. नगरचे ठिबकवाले अजिनाथशेठ आज ते बघून पसंत करणार होते. नापसंत झालं तर काम बंद.

अर्क शेठच्याच शुभहस्ते घालायचा, ही सरांची हौस. शेठनी तो घातला. मग शाल, नारळ, फेटा. फेटा बांधून झाला तरी चंबूतलं पाणी नितळच.

"थोडं थांबा, सर," रोहिणी म्हणाली.

"पाहुणे काय पाणी बघायला आलेत?" असं म्हणत सरांनी कॉस्टिक सोडा ओतला. तो पडला तिथेच सगळं आवळून आलं आणि नासलेल्या दुधासारखा चोथा झाला. सरांनी टाळ्या वाजवल्या. हा माणूस रसायनशास्त्राचा डॉक्टर आहे, याची रोहिणीला शिसारी आली.

शेठनी गोळा चिमटीत धरला. "मॅडम, हे नळीतून जाईल व्हय?"

"जाईल, जाईल," सर म्हणाले.

"नाही जाणार," रोहिणी म्हणाली. "मी परत करून दाखवते. जरा बसा."

"बसाया टाइम न्हाई. काष्टीला लग्न हाय. आन् तुमचं तुमालाच ठरंना, तर आमी काय बघायचं?" शेठ फेट्यासकट निघाले. सर त्यांच्या गाडीमागे धावले.

रोहिणीने दुसरा चंबू मांडला. कुणासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. पाणी बराच वेळ नितळ राहिलं आणि मग एकदम काठापासून तळापर्यंत पांढरं झालं. तिने थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. एकूण एक कण सारखा. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

सर धापा टाकत परतले. शेठनी साफ नकार दिला होता. सरांनी वाकून सूक्ष्मदर्शकातून पाहिलं.

"अगं, मग हेच मघाशी का नाही दाखवलंस?" ते म्हणाले.