डाव्या हातातला प्रसाद

शनिवारी सकाळी अकरा वाजता श्यामकांत झांबरेंनी मारलेला सरपटी चेंडू आरवने उचलला, पहिल्या बेसकडे फेकला आणि फेकून झाल्यावर उजवा हात डाव्या हातातल्या ग्लव्हमध्ये खुपसला. चेंडू छातीच्या उंचीवर, जिथे पोचायला हवा तिथे पोचला होता. डोळ्यात भरण्यासारखं काही घडलं नव्हतं.

जर्मनीतल्या वाल्डॉर्फपासून थोड्या अंतरावर, जुन्या अमेरिकन छावणीच्या कडेला हे मैदान आहे. छावणीतले सैनिक गेले, बेसबॉल मागे राहिला. पलीकडे श्पार्गेल या पांढऱ्या कोंबांच्या भाजीची शेतं आहेत. काळ्या प्लास्टिकखाली झाकलेले त्यांचे वाफे जूनच्या उन्हात तापून चमकत होते.

"आर्म साठ," झांबरेंच्या मागे उभा असलेला हेंक म्हणाला. चेंडूचा वेग मोजणारी हातातली रडार गन त्याने खाली केली. "तू काय म्हणतोस, शाम?"

झांबरेंनी पुढचा चेंडू उचलला.

हेंक हा डच माणूस एका अमेरिकन व्यावसायिक संघासाठी युरोपातली मुलं हेरतो. अमेरिकेतली शाळकरी मुलं ड्राफ्टमधून, म्हणजे संघांनी पाळीपाळीने निवडून, घेतली जातात, युरोपातल्या मुलांशी संघ थेट करार करतात. पळणं, पकडणं, फटका, हाताची ताकद, प्रत्येकाला वीस ते ऐंशीमध्ये आकडा देतात. पन्नास म्हणजे अमेरिकेत रोजीरोटीला खेळणाऱ्या माणसाएवढं. सोळा वर्षांच्या मुलाच्या हाताला साठ म्हणजे विमानाचं तिकीट. या वर्षी हेंककडे एकच जागा होती आणि तिच्यासाठी दोन मुलं. दुसरा मुलगा चेक देशातल्या ब्रनो शहरातला होता. त्याला हेंक आदल्या आठवड्यात बघून आला होता.

झांबरे हेंकचे या भागातले डोळे. पगार नाही, पेट्रोल मिळतं. वय छप्पन्न. मूळचे जळगाव जिल्ह्यातल्या यावलचे. शाळेपासून सॉफ्टबॉल खेळले, महाराष्ट्राच्या संघात शॉर्टस्टॉप होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ती जागा, जिथे सगळ्यात जास्त चेंडू येतात आणि जिथून फेक सगळ्यात लांब असते. पुढे इंजिनिअर झाले आणि मानहाइमजवळ ट्रकचे अ‍ॅक्सल बनवणाऱ्या एका कारखान्यात चाचणी विभागात लागले. अ‍ॅक्सल यंत्राला बांधायचा, तडा जाईपर्यंत वाकवत राहायचं, तडा कुठून सुरू झाला ते शोधायचं. बावीस वर्षं हेच. "तुम्ही माणसांकडेही तसंच बघता," असं त्यांची बायको ऊर्मिला म्हणते. त्यांनी सुचवलेल्या एकाही मुलाशी आजवर करार झालेला नाही.

दोन दिवस आधी, गुरुवारी झांबरे आरवच्या घरी गेले होते. फ्रोनलाइखनाम या ख्रिस्ती सणाची सुट्टी होती. त्याची आई कादंबरी हिने शनिवारच्या निवडीआधी घरी सत्यनारायण घातला. गुरुजी पुण्याहून टॅब्लेटवर पूजा सांगत होते. कादंबरीचा नवरा यशोधन वाल्डॉर्फच्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याने धोतर नेसलं होतं आणि अधूनमधून तो गुरुजींना 'आवाज तुटतोय' असं सांगत होता.

आरती झाली. कादंबरी शिऱ्याचं ताट घेऊन फिरू लागली. आरवने डावा हात पुढे केला.

"ए, डाव्या हाताने प्रसाद घेतात का? किती वेळा सांगायचं?"

"जा, ममा," आरव म्हणाला. जर्मनमध्ये 'जा' म्हणजे हो.

"जा काय? उजवा!"

आरवने उजवा हात पुढे केला. हात सरळ झाला नाही. कोपरात थोडा वाक राहिला आणि ताटापर्यंत पोचायला त्याला अर्धं पाऊल पुढे सरकावं लागलं. मग शिरा तोंडाकडे नेण्याऐवजी त्याने मान खाली घालून तोंडच तळहाताकडे नेलं.

"कासवासारखा काय खातोयस रे!" यशोधन म्हणाला. पाहुणे हसले. झांबरेंचा शिरा हातातच राहिला.

नंतर बाल्कनीत त्यांनी यशोधनला गाठलं.

"पोराचं कोपर डॉक्टरला दाखवलंस का?"

"वाढीचं दुखणं आहे ते, दादा. ईस्टरपासून आहे. गोळी घेतली की मोकळं होतं."

"ईस्टरपासून?"

"मेमध्ये ऑर्थोपेडीच्या डॉक्टरचं टर्मिन होतं. नेमकं टूर्नामेंटच्या दिवशी आलं. कॅन्सल केलं, आता पुढचं ऑगस्टमध्ये देतायत. तुम्हाला माहितेय ना इथलं."

"मग शनिवार पुढे ढकल."

यशोधन हसला. "हेंक पुढे ढकलेल? गेनाऊ, नक्कीच. दादा, शनिवार होऊ दे फक्त. सोमवारी मी स्वतः हॉस्पिटलच्या नोटआउफनामेत, इमर्जन्सीत, नेऊन बसवतो त्याला. आणि तुम्ही यावलच्या मैदानात काय बिनदुखत्या हाताने खेळलात?"

"खेळलो ना दुखऱ्या हाताने. पण मला असं निवडून न्यायला कोण आलं होतं रे भो?"

यशोधनने झांबरेंच्या पाठीवर थाप मारली. विषय संपला. गेल्या वर्षी त्याने आरवला विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाझियममधून काढून खालच्या पायरीच्या रेआलशूलमध्ये घातलं होतं, दुपारी सरावाला वेळ मिळावा म्हणून. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या लोकांनी तोंडावर 'छान' म्हटलं आणि पाठीमागे जे म्हणायचं ते म्हटलं. ते सगळं यशोधनच्या कानावर आलं होतं. शनिवार त्याच्यासाठी त्या सगळ्यांचं उत्तर होता.

खाली जाताना झांबरेंना जिन्यात आरव भेटला. "कोपर कसंय?"

"आलेस गूट, काका. सगळं ठीक," तो म्हणाला आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला.

शनिवारी पहिली फेरी संपल्यावर हेंकने पंधरा मिनिटांची विश्रांती दिली. आरव सामानाच्या खोलीमागे सावलीत एकटाच बसला होता. झांबरे त्याच्यासमोर उकिडवे बसले.

"उजव्या हाताची बोटं उजव्या खांद्याला लाव."

आरवने प्रयत्न केला. बोटं खांद्याच्या वीतभर अलीकडे थांबली.

"कोपर सोडून अजून काय होतं?"

मुलाने करंगळी आणि शेजारचं बोट दाखवलं. "ही दोन झोपतात. म्हणजे, आइनगेश्लाफेन. फेकल्यावर. आधी पाच मिनिटं. आता जात नाही ते."

"बाबांना माहितेय?"

"दुखतं ते माहितेय. हे नाही."

"मग मी सांगतो."

"काका, बिट्टे, प्लीज. नाही." तो मराठीत बोलायचा प्रयत्न करत होता. रोज तो घरीसुद्धा जर्मनमध्ये उत्तरं देतो. "हेंक म्हणाला, अजून पाचच खोलातले, लांबून फेकायचे. पाच झाले की संपलं. मग डॉक्टर, मग काहीही."

"आणि पाचात तुटलं तर?"

"आणि नाही फेकले तर? मग मी काय आहे, काका? रेआलशूलचा एक मुलगा."

झांबरेंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि उठले. कुंपणाशी यशोधन आणि कादंबरी उभे होते. झांबरेंनी बोटांचं सांगितलं. कादंबरीने नवऱ्याकडे पाहिलं.

"बोटांचं काय? यशोधन, हे काय आहे?"

"नर्व्हस असेल. घाम आलाय, ग्लव्ह घट्ट आहे."

"यशोधन, कोपराची नस आहे ती," झांबरे म्हणाले. "आत काहीतरी सुटत चाललंय."

"तुम्ही डॉक्टर आहात का, दादा?"

"नाही."

"मग. तुमच्या एकाही पोराचं आजपर्यंत झालं नाही. याचं होतंय. तुम्ही आमचे की नाही, तेवढं सांगा."

कादंबरी म्हणाली, "अहो, हळू बोला." यशोधन मैदानाकडे वळला.

झांबरे हेंककडे गेले. मुलाचं कोपर पूर्ण उघडत नाही, मिटत नाही, दोन बोटं बधिर आहेत, आज थांबव, असं त्यांनी सांगितलं. हेंकने शांतपणे ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नाही. अशा वीस मुलांची कोपरं त्याने पाहिली आहेत.

"करार झाला की आमचे डॉक्टर तपासतातच. खराब निघालं तर करार रद्द. हात आहे की नाही, एवढं मी बघतो. खोलातून फेक दिसल्याशिवाय मी याला ब्रनोच्या मुलापुढे ठेवू शकत नाही. वडील काय म्हणतात?"

"फेकू दे म्हणतात."

"आणि मुलगा?"

झांबरेंनी ग्लव्ह चढवणाऱ्या आरवकडे पाहिलं.

"तर मग," हेंक म्हणाला. "पाच. तिसऱ्या बेसच्या बाजूला, खोल."

बॅट झांबरेंच्याच हातात होती. आरव त्याच्या जागेवर आला, गुडघे वाकवून उभा राहिला. झांबरेंनी चेंडू उडवला आणि दुसऱ्या बेसच्या बाजूला मारला, सरळ, सोपा, जिथून फेक चार पावलांची. आरवने तो उचलून खालून दुसऱ्या बेसवर टाकला.

"खोल, शाम."

झांबरेंनी पुन्हा तिकडेच मारला.

"दादा, काय करताय?" कुंपणापलीकडून यशोधन ओरडला. त्या मैदानावर हे मराठी वाक्य चौघांनाच कळलं. आरवने खाली पाहिलं.

तिसरा चेंडूही दुसऱ्या बेसकडे गेला तेव्हा हेंक पुढे आला. तो चिडला नव्हता. त्याने हात पुढे केला. झांबरेंनी बॅट त्याच्या हातात दिली नाही, गवतावर ठेवली. हेंकने ती उचलून क्लबच्या प्रशिक्षकाकडे दिली. तो तेवीस-चोवीसचा, उत्साही. त्याला सांगितलेलं नीट करायची सवय होती.

पहिला चेंडू खोलात गेला. आरव आडवा धावला, ग्लव्ह उलटा करून उचलला, पाय रोवला आणि फेकला. पहिल्या बेसवरच्या मुलाच्या ग्लव्हचा आवाज पार्किंगपर्यंत गेला. हेंकने रडार गनकडे पाहिलं आणि भुवया वर केल्या.

दुसरा तसाच.

तिसऱ्याच्या वेळी काहीतरी वाजलं, असं कादंबरी नंतर म्हणाली. सुकी काडी मोडल्यासारखं. यशोधनला तसं काही ऐकू आलं नाही. हेंकलाही नाही. झांबरे तेव्हा मैदानाकडे पाठ करून गवतातले चेंडू बादलीत गोळा करत होते. आपल्याला ऐकू आलं की नाही, हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. चेंडू पोचला होता, याबद्दल दुमत नाही.

चौथा आणि पाचवा आरवने उचलला, पण फेकला नाही. दोन्ही त्याने ग्लव्हमध्येच धरून ठेवले, धावत पहिल्या बेसपर्यंत नेले आणि हातात दिले. प्रशिक्षकाला ती गंमत वाटली. तो हसला.

"पुरे," हेंक म्हणाला. "मला बघायचं ते दिसलं."

तो आरवपाशी गेला आणि त्याने हस्तांदोलनासाठी उजवा हात पुढे केला. आरवने ग्लव्ह काढून काखेत धरला आणि डावा हात दिला. हेंक क्षणभर थांबला, मग त्याने तो धरला. यशोधनने फोटो काढला. दुपारी तो मंडळाच्या ग्रुपवर आला. खाली अभिनंदनाचे निरोप होते, प्रसादाच्या वेळी हसणाऱ्यांचेही. त्या फोटोत मागे, थोडे अस्पष्ट, झांबरे बादली उचलून चाललेले दिसतात.

घरी आल्यावर ऊर्मिलाने विचारलं, "काय झालं?"

"साठ," झांबरे म्हणाले.

"मग तोंड असं का केलंय? पेढे आणायचे की नाही?"

"थांब जरा."

रात्रीच्या भाकरीबरोबर त्यांनी ठेचा मागितला आणि खाल्ला नाही.

रविवारी हेंकचा मेल आला. संघ आरवला निवडायच्या विचारात आहे, वैद्यकीय अहवालानंतर कळवू. ब्रनोच्या मुलाबद्दलही तेच लिहिलं होतं. झांबरेंना त्याने वेगळी एक ओळ लिहिली होती: तू सांगितलंस ते मी वर कळवलं आहे. झांबरेंनी यशोधनला रविवारी दोनदा फोन केला, तो वाजून बंद झाला. सोमवारी लागलाच नाही. कारखान्यात सोमवारी एक अ‍ॅक्सल ठरलेल्या वेळेआधी तडकला. झांबरेंच्या सहकाऱ्याने यंत्र बंद करून तो काढून बाकावर ठेवला. एरवी तडा बघायला लगेच जाणारे झांबरे या वेळी लगेच गेले नाहीत.

मंगळवारी संध्याकाळी कादंबरीचा फोन आला. ती हळू आवाजात बोलत होती. बहुधा बाथरूममधून.

"श्यामदादा, आज एमआरटी झाला, कोपराचा स्कॅन. हायडेलबर्गला. रिपोर्ट उद्या देतो म्हणाले."

"आरव कसाय?"

"काही बोलत नाही. हे पण बोलत नाहीत. आवाजाचं मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, चित्र बघूनच कळेल." मागे नळ चालू होता. "दादा, दुपारी मी त्याला वरणभात वाढला. तो डाव्या हाताने जेवला."

"हं."

"मी काही बोलले नाही."

तिने फोन ठेवला. बुधवारी दुपारी दोनपर्यंत रिपोर्ट आलेला नव्हता.