तीन ठोके आणि एक चरा

मी एक जुनी तबकडी आहे. सात इंची, काळी कुळकुळीत, आणि अंगावर हा लांबलचक चरा. सुईखाली ठेवलं की मी एकाच ओळीवर अडून बसते, म्हणून नवखी माणसं मला बिघडलेली म्हणतात. म्हणू देत! मित्रांनो, मी कशी बिघडले ते ऐका. मात्र कान झाकायचे नाहीत, कारण मला हळू बोलता येत नाही.

माझ्यावर एकच गाणं आहे, दोन मिनिटं दहा सेकंदांचं. 'खडखडाट' नावाच्या तिघांच्या टोळक्याचं हे पहिलंवहिलं गाणं. गाणारी ठिणगी, ड्रम बडवणारा तिचा भाऊ ठोक्या, आणि गिटारवर काडीपैलवान, जो गिटारपेक्षा किंचित जाड होता. तिघांना मिळून तीन सूर धड येत नव्हते. संताप मात्र भरपूर येत होता, आणि तेवढा पुरला.

गाण्याचं नाव 'कडी काढ'. ठिणगी आणि ठोक्या लहान असताना त्यांचा बाप आईला खोलीत ओढत न्यायचा, आतून कडी लावायचा आणि मारायचा. ही दोन पोरं बाहेरून दार बडवत राहायची. मोठी झाल्यावर दोघंही घर सोडून गेली. आई मागे राहिली. "निघते गं, निघते," म्हणायची आणि निघायची नाही. पुढे बापाने भेटीगाठीही बंद केल्या. पण दुपारी तो कामावर गेला की आई स्वयंपाकघरात रेडिओ लावते, हे ठिणगीला ठाऊक होतं.

"आईच्या कानावर गेलं पाहिजे," ध्वनिमुद्रणाच्या खोलीत ती म्हणाली. "बाकी जग गेलं खड्ड्यात!"

गाण्याच्या मध्यावर तिने वाजवणाऱ्यांना गप्प केलं, आणि त्या खोलीच्या दारावर मुठी हाणल्या. धाड! धाड! धाड! "कडी काढ!" तिसऱ्या ठोक्याला बोटांची सालटी निघाली. यंत्रावर बसलेला माणूस कळवळून म्हणाला, "ताई, दार माझं आहे हो!" पण टेप त्याने थांबवली नाही.

मग मी जन्मले. कसला जन्म, मारच तो! काळा गरम गोळा दोन साच्यांमध्ये ठेवतात, वाफ सोडतात आणि त्याचा पापड होईपर्यंत दाबतात. वर कडा कापतात त्या वेगळ्याच. आणि नशीब बघा, शहरात तबकड्यांचा कारखाना एकच, आणि त्या दाबयंत्रावर उभा होता ठिणगीचा बाप.

गाणं कोणाचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. कागदावर फक्त 'खडखडाट' लिहिलेलं. पंचवीस वर्षं हेच काम केल्यामुळे तो तबकडी ऐकत नसे, दिव्याखाली तिरकी धरून बघत असे. आवाज मोठा असेल तिथे खाचा रुंद दिसतात, शांतता असेल तिथे बारीक. पाचशेंच्या लॉटमधली मी पहिली. माझ्या मध्यावर, ऐन शांततेत, त्याला तीन जाड पट्टे दिसले.

"साचा खराब आहे," तो म्हणाला. "तीन ठिकाणी मार लागलाय. ही भरडायला टाका आणि काम थांबवा."

मार लागला होता, खरंच. पण तो साच्याला लागलेला नाही, हे त्याच्या पक्क्या नजरेला दिसलं नाही.

"न ऐकताच?" तपासणीवाल्या मावशी म्हणाल्या. त्या त्याच्या खांद्यालाही लागत नव्हत्या, पण कारखान्यात त्यांच्या वाटेला कोणी जात नसे. त्यांनी मला सुईखाली ठेवलं.

पहिल्या कडव्याला बाप हसला. "मांजरीची शेपटी सापडली की काय दारात?" मग ते तीन ठोके आले, आणि मागोमाग ठिणगीची आरोळी. त्याचा चेहरा आधी पांढराफटक पडला, मग लालबुंद झाला.

"ही माझी कार्टी आहे," तो म्हणाला. "घरातलं चव्हाट्यावर आणते!"

त्याने पेचकस उचलला आणि मी फिरत असतानाच माझ्या अंगातून खसकन ओढला. मित्रांनो, फार दुखलं. तेवढ्यावर त्याचं भागलं नाही. हातोडा घेऊन तो साच्याकडे धावला. साचा एकच होता. तो फुटला असता तर गाणं तिथेच मेलं असतं आणि आईपर्यंत कधी पोचलंच नसतं. मावशी मध्ये उभ्या राहिल्या. त्याने त्यांना कोपराने असं भिरकावलं की त्यांचं कपाळ लोखंडावर आपटलं आणि रक्त डोळ्यात उतरलं. बाई तशाच उठल्या आणि त्याच्या हातोड्याच्या मनगटाला कडकडून चावल्या! तो गुरासारखा ओरडला. चार फिटर धावत आले आणि त्यांनी त्याला जमिनीवर दाबून धरलं. कोणीतरी यंत्रं बंद केली.

मग त्या शांततेत मी ऐकू आले. सुई माझ्या चऱ्यात अडकली होती. धाड, धाड, धाड, कडी काढ! धाड, धाड, धाड, कडी काढ! सगळा कारखाना ऐकत उभा होता. मला बंद करायला कोणाचाही हात पुढे झाला नाही.

फोरमनने बापाला त्या दिवसापुरतं घरी धाडलं. मावशींनी कपाळाला रुमाल बांधला. "उरलेल्या चारशे नव्व्याण्णव मी काढते," म्हणाल्या, आणि काढल्या. मला त्यांनी ठिणगीकडे दिलं, सगळी हकिगत सांगून. ठिणगी माझ्यावरून बोट फिरवत रडली. बाप रागाने घरी गेलाय म्हणजे आईचे हाल होणार, हे तिला कळत होतं.

आणि ठोक्या? त्या धांदरटाने रेडिओ केंद्राला पाठवायच्या पाकिटात नेमकी मलाच घातली!

निवेदकाने भरदुपारी मला लावलं आणि तो चहाला गेला. चार मिनिटं शहरभर माझे ठोके वाजत राहिले. केंद्रातले फोन खणाणले. "अहो, कोण मारतंय? जा ना कोणीतरी, उघडा ना!" बायका रडत होत्या, शिव्या देत होत्या. दुसऱ्या दिवशी दुकानांतल्या सगळ्या तबकड्या संपल्या, आणि 'खडखडाट'चं नाव जिकडेतिकडे झालं.

पण त्याच्या आधी, त्याच दुपारी, ठिणगीच्या दारात आई उभी राहिली. हातात एक पिशवी, ओठ फाटलेला, पायात चपला दोन वेगवेगळ्या.

"उशीर झाला गं," ती म्हणाली. "पण काढली कडी."

आठवड्याने बाप तिथेही आला. धाड! धाड! धाड! "दार उघड, नाहीतर एकेकाला फाडून काढतो!" ठोक्या दांडकं घेऊन उठला, पण आईने त्याला बसवलं. मी तेव्हा केंद्राकडून परत आले होते. तिने मला सुईखाली ठेवलं आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

तो बाहेरून मारत होता आणि मी आतून. त्याचे हात दुखले, माझे कुठे दुखणार? हळूहळू जिन्यावरची दारं उघडली, शेजारी बाहेर आले आणि त्याच्याकडे नुसते बघत राहिले. मग तो गेला. आमची कडी लागलेलीच होती.

मित्रांनो, मला कपड्यात गुंडाळून जपू नका. मला वाजवा, झिजू दे. फक्त एवढं करा, शेजारच्या भिंतीपलीकडून माझ्यासारखा आवाज आला, तर रेडिओ मोठा करू नका. जाऊन दार वाजवा.