साहेबांचा बुखूर आणि माझं झाकण

साहेब, चहाचा वास तुम्ही मारलात आणि खापर निवेदिताच्या जिभेवर फोडलंत. आता निमूट ऐका.

मित्रांनो, मी चहाचा नमुना नेणारा एक जुना पत्र्याचा डबा आहे. कडा गंजल्यात, पण झाकण अजून घट्ट. व्हिएतनाममधल्या थाई न्गुएनच्या टेकड्यांवर एक बाई सकाळीच कोवळे कोंब खुडते. तिचा नवरा ती पानं तापल्या कढईत हातानं परततो. तेव्हा कोवळ्या भाताच्या पोह्यांसारखा वास सुटतो. तो चहा आधी तुरट लागतो, मग घशात हळूच गोडी उतरते. ती गोडी बहारीनपर्यंत जपायची, रिकामं होऊन परत जायचं, पुढच्या वर्षी नवा नमुना घेऊन यायचं. अकरा वर्षं हेच केलं.

बहारीनमध्ये सित्राला साहेबांचं गोदाम आहे; तिथं चहा चाखून पारखते ती पुण्याची निवेदिता. घरी आलं घालून रटरट उकळलेला चहा पिते, पण माझ्यापाशी येताना अत्तरसुद्धा लावत नाही. चिमूट काढली की लगेच झाकण. यंदा तिनं लिहिलं, ‘उत्तम. माल मागवा.’

मग पाहुण्यांपुढे मिरवायला साहेबांनी मला केबिनमध्ये नेलं. चहातलं यांना डोंबल कळतं. शेजारी बुखूर, म्हणजे सुगंधी लाकडाचा धूप, धुमसत होता आणि मी उघडा.

गोदामातला इमाद म्हणाला, “साब, ढक्कन.”

“रहने दो, खुशबू आती है.”

तीन दिवस तसाच. चहा शेजाऱ्याचा वास उचलतो, हे वाण्यालाही ठाऊक असतं. पाहुण्यांनी घोट घेतला आणि तोंडं वाकडी केली. साहेबांनी निवेदिताला बोलावलं.

“मॅडम, हा चहा आहे की अगरबत्ती? जीभ गेली तुमची. व्हिसा रिन्यू करायचा तरी कशाला?”

“सर, डबा होता कुठे?”

“डब्याचं मला सांगू नका.”

तिनं मला नाकाशी धरलं. तिला सगळं कळलं. तिनं इमादकडे पाहिलं. इमादनं बुटांकडे. त्याचाही व्हिसा साहेबांच्याच हातात.

मित्रांनो, नाजूक वस्तूचं झाकण लावावं आणि आपली चूक आपणच कबूल करावी. एवढंही ज्याला जमत नाही, तो केबिनमध्ये बसतो. मी भंगाराच्या खोक्यात पडलोय, मला कोणाचा व्हिसा नको. म्हणून मीच विचारतो. साहेब, गुरुवारी निवेदिताला कामावरून काढायच्या कागदावर सही करण्याआधी, तिच्या आणि इमादच्या तोंडावर सांगा: ते तीन दिवस माझं झाकण कोणी उघडं ठेवलं?