उडाला तो मेला!

मित्रांनो, जरा जोरात बोलतो हं. मी कचऱ्याच्या पिशवीत आहे आणि माझ्या तोंडावर भोपळ्याची सालं पडलीत. मी एक जुना सेल आहे. पुन्हा पुन्हा चार्ज होणारा, हिरव्या अंगाचा. आणि मी मेलेलो नाही!

आमच्या घरची काकू लिफ्ट दुरुस्त करते. तिच्या डोक्यावरच्या दिव्यात मी राहायचो. लिफ्टच्या काळ्याकुट्ट बोगद्यात मी असा काही पेटायचो, की एकदा गच्चीवरची कबुतरं पहाट झाली समजून घुमायला लागली. खोटं वाटतं? विचारा कबुतरांना! दमलो की काकू मला चार्जरमध्ये झोपवायची. उठलो की पुन्हा ताजा. "माझा हिरवा कधी दगा देत नाही," म्हणायची. भिंतीवरचं घड्याळ चिमणीएवढं खातं, त्याला एकदा वापरून टाकायचा सेल पुरतो. रोज राबायचं काम मात्र आमचंच.

आज काकांना खण आवरायची हुक्की आली. सगळे सेल एकत्र. काकांची परीक्षा ठरलेली: सेल फरशीवर उभा सोडायचा. उडाला तर मेला, थबकला तर जिवंत. अहो, ती परीक्षा एकदा वापरून टाकायच्या सेलची, आम्हा चार्ज होणाऱ्यांना लागूच नाही! मी पोटभर चार्ज झालेला, टुणकन उडालो.

"गेला बिचारा," म्हणत काकांनी मला टाकलं. घड्याळासाठी ठेवलेला सेल थबकला, तर त्याला चार्जरमध्ये बसवलं! मग पिशवीला गाठ मारून जिन्यात ठेवली. मी केवढा ओरडलो! कुणाला ऐकू जातंय?

खाली कचरागाडीची शिट्टी वाजतेय. आणि घरातून काकूचा आवाज:

"अहो! चार्जरमध्ये हा काय घातलात? पाणी सुटलंय त्याला!"

"जिवंत होता म्हणून घातला."

"तो चार्ज करायचा नसतोच! फुटला असता म्हणजे? माझा हिरवा कुठाय? लिफ्टमध्ये माणसं अडकलीत, मला निघायचंय!"

"तो? तो उडाला ना..."

"आता तुम्हाला सोडू का फरशीवर? बघू उडताय की थबकताय!"

काकूच्या चपला जिन्यात धडधडतायत. पण पिशवी कुणीतरी उचललीय. मी हवेत लोंबकळतोय.

मित्रांनो, एवढं कराच. टाकण्याआधी आमच्या अंगावर लिहिलेलं वाचा. खरंच मेलो, तरी सालांत नको, जुने सेल गोळा करतात तिथे द्या.

काकू, अगं इकडे! भोपळ्याची पिशवी! ती माणसं अंधारात आहेत, आणि मी इथे भरलेला आहे गं!