समुद्राखालचा झरा

मक्कीच्या बायकोला, शरीफाला, जाऊन आज चाळीस दिवस झाले. त्याने सकाळीच कातड्याची लहान पखाल काढली, भिजवून मऊ केली आणि तिच्या भावाला, अतियाला, होडी काढायला लावली.

"दाजी, साठी उलटली तुमची," अतिया वल्हं मारत म्हणाला. "बुडालात तर तिकडून ताई मलाच शिव्या घालेल."

"तशीही घालायचीच तुला."

किनाऱ्यापासून थोडं आत, समुद्राच्या तळाशी गोड पाण्याचा झरा होता. लग्न झाल्यापासून मक्की तिथूनच पाणी आणायचा. बुडी मारायची, पखालीचं तोंड झऱ्यावर धरायचं, भरली की आवळून वर यायचं. बुडी मारणाऱ्याचं तोंड खारट झालेलं असतं, त्याला चव कळत नाही. चव शरीफा घ्यायची, किनाऱ्यावर उभी राहून. "यात समुद्र घातलात की," असं म्हणून तिने त्याला कितीदा तरी परत पाठवलं होतं. पुढे शहराने जमिनीतलं पाणी उपसलं, खजुराच्या बागा वाळल्या, घरात नळ आला. झऱ्याकडे कुणी जाईनासं झालं.

शेवटच्या दिवसांत तिने तेच पाणी मागितलं. तिला सोडून जायचा धीर होईना, म्हणून त्याने पखालीत नळाचं पाणी भरून दिलं आणि झऱ्याचं म्हणून सांगितलं. तिने एक घोट घेतला, त्याच्याकडे पाहिलं आणि वाटी खाली ठेवली. ते त्याला अजून डाचत होतं. आज कबरीवर शिंपडायला तरी खरं पाणी न्यायचं होतं.

तळाशी खडकातलं भोक हाताला लागलं. पूर्वी तिथलं पाणी तळहात वर ढकलायचं. आज काही ढकललं नाही. तरी त्याने पखाल भरली.

अतिया चव घेऊन थुंकला. "खारं."

दुसऱ्यांदाही खारंच. तिसऱ्यांदा मक्की वर आला तेव्हा त्याला एकट्याला होडीत चढता येईना. अतियाने घोट घेतला आणि गिळला.

"गोड आहे, दाजी. चला आता."

मक्कीने त्याच्याकडे पाहिलं. मग पखाल समुद्रात ओतून दिली.

"मीही तिला असंच सांगितलं होतं रे," तो म्हणाला.

संध्याकाळी त्याने नळावर पखाल भरली आणि कबरीपाशी गेला. "झरा आटला गं," तो म्हणाला. "हे नळाचंच आहे."

आणि शिंपडायच्या आधी पखाल पुढे धरून तो तसाच थोडा वेळ उभा राहिला, किनाऱ्यावर ती चव घेईपर्यंत राहायचा तसा.