मुंगीच्या सोंगातली आई

मित्रांनो, मी एक म्हातारी मुंगी आहे असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या, भल्याभल्यांना वाटतं. खरं तर मी कोळी आहे, उड्या मारणाऱ्या कोळ्यांमधली मादी. वय एक वर्ष. आमच्यात एवढं पुष्कळ झालं.

माझी कंबर बारीक, चाल मुंगीसारखी वाकडीतिकडी. पुढचे दोन पाय मी मिशांसारखे वर धरते. मुंगी चावते म्हणून पाखरं तिच्या वाटेला जात नाहीत. त्याच धाकावर मीही जगले.

राहायला पुस्तकबांधणीचं दुकान. बांधणीवाला आणि त्याची थोरली बहीण, दोघंच. त्याच्या हातात कसब मोठं, पण खळीचं भांडं झाकायचं म्हणून कधी लक्षात राहत नाही. पिठाची खळ उघडी राहिली की मुंग्यांची रांग हजर! त्या रांगेलगतच, फळीच्या कडेला, मी रेशमाची दोन घरटी विणली. दोन्हींत अंडी. मुंग्यांच्या शेजारी कोण फिरकतंय, हा माझा शहाणपणा.

एका सकाळी बांधणीवाला ओरडला, "ताई, परत मुंग्या! भांडं उघडं कुणी ठेवलं?"

"मी ठेवलं, दुसरं कोण!" बहीण म्हणाली. "तुझ्यासारखा टापटिपीचा माणूस थोडाच ठेवेल?"

तो ओलं फडकं घेऊन पुसत निघाला. रांग गेली. माझं एक घरटंही गेलं. मी मिशा हलवत उभीच राहिले. जन्मभराची सवय, दुसरं काही सुचलंच नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

फडकं दुसऱ्या घरट्याशी आलं, तेव्हा मी मिशा म्हणून वर धरलेले ते दोन पाय खाली टेकले आणि थेट त्याच्या अंगठ्यावर उडी मारली.

"अगं ताई, मुंगीने उडी मारली!"

"काहीतरीच! मुंगी कधी उडी मारते का? आधी चष्मा लाव."

त्याने चष्मा लावला, अंगठा नाकाशी धरला, पाय मोजले. आठ भरले. मग वाकून घरटं पाहिलं.

"अरेच्चा, हा तर कोळी निघाला! अंडी जपतोय."

"अंडी जपतोय म्हणजे आई आहे ती, शहाण्या. ठेव तिला जागेवर."

परवा त्या घरट्यातून तेरा पिल्लं निघाली. मी शिकवलं नव्हतं, तरी सगळी मिशा हलवतच चालू लागली.

बांधणीवाला आता त्या कोपऱ्याला हात लावत नाही. फडक्याखाली गेलेल्या मुंग्यांची मात्र कुणी चौकशी केली नाही. मित्रांनो, पुसण्याआधी जरा वाकून बघत जा. प्रत्येकाला उडी मारून सांगता येत नाही.